मेथीच्या वाफ्यात मांजरं घाण करतात, त्यांना इजा न करता कसं थांबवावं?

परसदार_नाशिक:

नमस्कार मंडळी. आमचं नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला रो-हाऊस आहे. मागच्या दाराला साधारण बारा बाय पंधरा फुटांची मोकळी जागा आहे. तिथे भाजीचे चार वाफे केलेत, मोरीच्या पाण्यावर अळू आहे, भिंतीलगत कढीपत्ता, ओवा आणि कोपऱ्यात पारिजातक. दसरा झाल्यावर मेथी, कोथिंबीर आणि पालक पेरला. माती मी स्वतः चाळणीने चाळली, त्यात गांडूळखत आणि कोकोपीट मिसळलं. इतकी भुसभुशीत झाली की हात घातला तर मनगटापर्यंत आत जाई. मेथी दोन पानांवर आली आणि एका सकाळी बघते तर वाफ्याच्या मधोमध खड्डा उकरलेला, शेजारी मातीचा ढीग, आणि ढिगाखाली मांजराची घाण. रोपं मुळासकट वर आलेली. मग पालकाच्या वाफ्यात तेच. आता रोज सकाळी खुरपं आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन आधी ते काम करावं लागतं. कोथिंबिरीचा वाफा तर पुन्हा पेरायला घेतलाय.

येणारी मांजरं तीन आहेत. एक राखाडी बोका, मोठ्या डोक्याचा. एक तीनरंगी भाटी, आणि तिच्या मागोमाग फिरणारं एक पांढरं अर्धवट वाढलेलं पोर. तिघंही शेजारच्या काकूंच्या ओट्यावर जेवतात. काकू एकट्याच असतात, दोन्ही वेळा त्यांना दूधभात घालतात, कधी वाटीभर सुकट. त्यांचा फार जीव आहे मांजरांवर, आणि आमचा काकूंवर. त्यामुळे तक्रारीच्या सुरात काही बोलायचं मनात नाही. शिवाय ही मांजरं फिरतात म्हणून आमच्याकडे उंदीर दिसत नाहीत, हेही खरं आहे.

पण मला घाईचं कारण आहे. मुलीला पाचवा महिना आहे आणि संक्रांतीनंतर ती बाळंतपणाला घरी येतेय. मांजराच्या घाणीतून गरोदर बाईला काही आजार होतो असं ऐकलंय. तिला लहानपणापासून बागेत वावरायची, तोडलेली भाजी निवडत बसायची सवय आहे. तिने मागच्या दारी पाऊलही टाकायचं नाही असं मला व्हायला नको आहे.

कॉलनीत विचारलं तर एकाने डांबराच्या गोळ्या टाकायला सांगितल्या, दुसऱ्याने लाल तिखट, तिसऱ्याने फिनाईल शिंपडायला. एकजण तर म्हणाले, गोणीत घाला आणि धरणाच्या पलीकडे सोडून या. हे घरात कुणालाच पटलं नाही. मुक्या जनावराच्या डोळ्यात तिखट जाईल असं काही मी करणार नाही. त्यांना इजा न होता वाफे वाचतील असा उपाय कुणी स्वतः केलेला असेल तर सविस्तर सांगा. आणि ज्या वाफ्यात घाण झाली त्यातली भाजी खायची की नाही, तेही सांगा.


टेरेसवाला_डोंबिवली:

संत्र्या-मोसंब्याची सालं टाकून बघा, मांजरांना तो वास आवडत नाही. आमच्या गच्चीवर थोडा फरक पडला होता. पण सालं ताजी हवीत. उन्हात वाळली की वास जातो आणि मांजर सालं बाजूला सारून बसतं. दारात लाल पाण्याची बाटली टांगण्यात वेळ घालवू नका, आमच्या इमारतीत प्रत्येक जिन्यात ती आहे आणि मांजरं तिच्याशेजारीच झोपतात.


मोगरा_रोहा:

ताई, माती मनगटापर्यंत हात जाईल इतकी भुसभुशीत केलीत असं तुम्ही लिहिलंत, तिथेच मला उत्तर दिसलं. मांजराला शीसाठी कोरडी, बारीक, पंजाने सहज उकरता येईल अशी माती लागते. उकरायचं, बसायचं, झाकायचं, हा त्याचा स्वभाव आहे. आता कॉलनीत अशी माती उरलीय कुठे? सगळीकडे पेव्हर ब्लॉक आणि कोबा. त्यात तुमचा एक चाळलेला वाफा. कोकोपीट तर मांजरांच्या ट्रेमध्ये घालायलाही लोक वापरतात. त्यामुळे मांजर हाकलायच्या मागे लागू नका. हे गेलं तर त्याच्या जागी दुसरं येईल. उघडी माती झाका आणि त्यांना दुसरी जागा द्या. दोन्ही एकाच वेळी करा. नुसतं झाकलंत तर ती कुंड्यांत जातील, आणि नुसती जागा दिलीत तरी वाफा त्यांना जास्त आवडेल.

मी रोह्याला बाजाराच्या जवळ राहते. मासळी बाजार उठला की मांजरं आमच्याच गल्लीत पांगतात. परसबाग सासूबाईंच्या वेळेपासूनची आहे आणि तिथे मांजर दिसलं नाही असा दिवस जात नाही. भिंतीवर बसतात, पेरूखाली लोळतात. वाफ्यात मात्र जात नाहीत.

झाकायचं कसं ते सांगते. हार्डवेअरच्या दुकानात कोंबडीची जाळी मागा, एक इंची षटकोनी भोकांची. वाफ्याच्या मापाने कापा आणि कापलेल्या तारांची टोकं आतल्या बाजूला दुमडा. हे विसरू नका, त्या टोकांनी पंजे फाटतात आणि आपले हातही. बी पेरून, हलकं पाणी देऊन झालं की जाळी थेट मातीवर पसरा. जाड तारेचे यू आकाराचे आकडे करून कडेने टोचून टाका म्हणजे ती उचलली जाणार नाही. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, कोथिंबिरीला आठ-दहा दिवस लागतात. दोन्ही भोकांतून निवांत वर येतात. मांजर एकदा पंजा टाकतं, नखं तारेला लागतात, उकरता येत नाही आणि ते निघून जातं. कुणालाही दुखत नाही.

अडचण एकच. मेथी आपण मुळासकट उपटतो आणि जाळीतून ती उपटता येत नाही. म्हणून पालकाला जाळी जमिनीवर टाका, कारण पालक कापूनच घ्यायचा असतो, पुन्हा फुटतो. मेथीच्या वाफ्याला चारी कोपऱ्यांवर आणि मध्ये विटा ठेवून जाळी त्यावर ताणून बसवा. काढणीच्या दिवशी सगळी उचलायची, मेथी उपटायची, परत टाकायची. मेथीसुद्धा कापून घेतलीत तर दुसऱ्यांदा थोडी मिळते, पण माझ्या मते पहिल्या उपटलेल्या जुडीची सर तिला नाही.

जाळी नको असेल तर तुराट्या. नाशिककडे बाजारात किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडे मिळतील. वीतभर उंचीचे तुकडे करून उभे खोचायचे, दोन काड्यांमध्ये आठ बोटांपेक्षा जास्त जागा ठेवायची नाही. मांजराला बसण्याआधी गोल फिरावं लागतं, तेवढी जागा त्याला मिळता कामा नये. वरची टोकं बोथट ठेवा, आपण वाकतो तेव्हा डोळ्याशी येतात. मी वांग्याच्या आणि मिरचीच्या आळ्यांत हेच करते. कुंड्यांत करवंट्यांचे तुकडे आणि नदीतले गोटे मातीवर रचते. बोगनवेलीच्या किंवा लिंबाच्या काट्या पसरायचं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्या पायात मोडतात, मांजराच्याही आणि मुलीच्याही.

काहीजण सांगतील की माती सतत ओली ठेवा, मांजर ओल्या मातीत जात नाही. बरोबर आहे, जात नाही. पण रात्रभर ओल राहिली की कोवळी मेथी मानेपासून गळून पडते, मर लागते. मांजरापासून वाचवलेला वाफा बुरशीने घालवायचा, याला अर्थ नाही. पाणी सकाळीच द्या आणि झाकण्याचं काम जाळीवर सोपवा. पीक दाट होऊन माती दिसेनाशी झाली की मांजर आपोआप येणं सोडतं. म्हणजे सगळी राखण पेरणीपासून पहिल्या तीन आठवड्यांची, आणि काढणीनंतर वाफा रिकामा पडतो तेव्हाची. रिकाम्या वाफ्यावर गोणपाट अंथरून विटा ठेवा.

आता त्यांची जागा. पारिजातकाचा कोपरा तुम्हाला चालेल असं वाटतं, वाफ्यांपासून लांब असेल तर. तीन बाय दोन फुटांचा उथळ खड्डा करा आणि वीतभर वाळू भरा. वाळू चाळलेली, मऊ हवी. बांधकामाची क्रश सँड नको, ती टोचते. वर एखादा जुना पत्रा तिरपा टेकवून आडोसा करा, कारण मांजराला बसताना आडोसा लागतो, आणि पावसाळ्यात सगळी माती भिजली की ती कोरडी जागा शोधतात. मग वाफ्यातली थोडी घाण उचलून त्या वाळूत पुरा. फक्त सुरुवातीला. वासावरून त्यांना कळतं. रोज सकाळी खुरप्याने उचला, पिशवीत गाठ मारून घंटागाडीत द्या. वाळू घाण राहिली की मांजर स्वच्छ जागा शोधायला निघतं, ती जागा म्हणजे परत तुमचा वाफा. म्हणून हे रोजचं काम टाळू नका. आज चार ठिकाणी उचलताय, ते एका ठिकाणी उचलाल.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. तुमच्याकडे खोकली उगवते का बघा. वीत-दोन वीत उंचीचं तण, पानं जरा दातेरी, आणि शेंड्याकडे हिरव्या पेल्यांसारख्या पानांच्या ओळीत बारीक फुलं. काहीजण तिला खाजोटी म्हणतात. तिच्या मुळाचं मांजरांना विलक्षण वेड. झाड उभं असताना फार नाही, पण निंदणी करताना आपण ती उपटतो, मूळ उघडं पडतं आणि मांजरं तिथे येऊन अंग घासतात, लोळतात, माती उकरतात. मी निंदलेली खोकली कधी वाफ्याकडेला टाकत नाही. मुळं वाळूच्या कोपऱ्याशी नेऊन टाकते. त्यांना तिथे खेचायला याहून सोपं काही माझ्या पाहण्यात नाही.

मासे धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालत असाल तर थांबवा. हाडांचा चुरा, मासळीचं खतही वाफ्यात नको. मांजर वासावर येतं आणि काहीतरी पुरलंय असं समजून उकरतं.

आवाजाची यंत्रं ऑनलाइन मिळतात, माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारी. ब्रिटनमधल्या बागांत अशा यंत्राची चाचणी झाली होती, त्यात मांजरांचं येणं साधारण एक तृतीयांशाने कमी झालं, थांबलं नाही. तेवढ्या पैशात तुमच्या चारही वाफ्यांना जाळी होईल.


पशुवैद्य_सातारा:

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मी फक्त औषधांचं आणि आजाराचं सांगतो.

डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. त्यातल्या नॅफ्थलीनने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. गोळी खायलाच हवी असंही नाही, पायाला, केसांना लागलेलं मांजर चाटून साफ करतं. फिनाईलचंही तेच. ज्या प्रक्रियेने माणसाचं यकृत अशी रसायनं निष्प्रभ करतं, ती मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. म्हणून आपल्याला किरकोळ वाटणारी वस्तू त्याच्या जिवावर बेतते. कापूर, निलगिरीचं तेल, टी ट्री तेल हे ‘नैसर्गिक’ म्हणून शिंपडलं जातं, तेही टाळा. तिखटाने डोळे आणि नाक भाजतं, पंजे चाटल्यावर तोंडही. माझ्या टेबलावर अशी मांजरं आली आहेत. ती रडत नाहीत, नुसतं तोंड उघडून लाळ गाळत बसतात. ते बघितल्यावर तिखटाचा सल्ला कुणी देणार नाही.

बागकाम करणाऱ्यांसाठी आणखी एक. एरंडीची पेंड खत म्हणून विकली जाते. एरंडीच्या बीत रायसिन हे विष असतं आणि पेंडीवर नीट प्रक्रिया झालेली नसेल तर ते शिल्लक राहतं. कुत्री ती वासाने खातात आणि दगावतात. निंबोळी पेंड घ्या. आणि लिली लावल्या असतील तर मांजरांच्या वाटेवर ठेवू नका, त्यांच्या परागकणांनीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

आता मुलीचं. तुम्ही ऐकलेला आजार म्हणजे टॉक्सोप्लाझ्मोसिस. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो, म्हणून काळजी घ्यायची. पण घाबरून जाण्यासारखं नाही. मांजराच्या विष्ठेतून हे जंतू साधारणपणे त्याला पहिली लागण झाल्यावर एक ते तीन आठवडेच बाहेर पडतात, आणि बहुतेक वेळा ते कोवळ्या, नुकत्याच शिकार करू लागलेल्या वयात. म्हणजे तुमच्या तिघांपैकी त्या पांढऱ्या पोराकडे माझं जास्त लक्ष जाईल. शिवाय ताज्या विष्ठेतून लागण होत नाही, जंतू पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. रोज सकाळी घाण उचलणं म्हणूनच मोलाचं. तसं न केल्यास ओलसर, सावलीच्या मातीत ते वर्षभरही टिकतात.

तेव्हा मुलीने बागेत जरूर बसावं, मातीत हात मात्र घालू नये. खुरपणी, वाळू साफ करणं, पालेभाजी निवडून धुणं ही कामं तुम्ही किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी करावीत, हातमोजे घालून. अनवाणी फिरू नये, मांजराच्या विष्ठेतून आकडेकृमीही पायाच्या त्वचेत शिरतात. मेथी-पालक नीट शिजवून खाल्ला तर चालेल. कोथिंबीर मात्र आपण वरून कच्ची पेरतो. या वाफ्यातली कोथिंबीर तिच्या पानात कच्ची नको, आमटी उकळताना घाला. ज्या वाफ्यात बरीच घाण झाली तिथे या मोसमात गाजर, मुळा असं कच्चं खायचं काही घेऊ नका, मांडवावर चढणारा दोडका किंवा घेवडा घ्या. मांजराची विष्ठा भाजीच्या कंपोस्टमध्ये टाकायची नाही. आणि तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना घराजवळ मांजरं आहेत एवढं आवर्जून सांगा, तपासणी करायची का ते त्या ठरवतील. अर्धकच्चं मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांतूनही हा आजार येतो, मांजराला हात लावल्याने सहसा येत नाही.

गोणीत घालून सोडण्याबद्दल. अनोळखी जागी सोडलेलं मांजर दुसऱ्या मांजरांच्या हद्दीत पडतं, उपाशी राहतं, गाडीखाली येतं. मागे पिल्लं असतील तर ती मरतात. कायद्यानेही प्राण्याला असं छळणं हा १९६० च्या क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि विष घालून मारलं किंवा जायबंदी केलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सल्ला देणाऱ्या गृहस्थांना हे सांगायला हरकत नाही.


परसदार_नाशिक:

मोगराताई, डॉक्टर, किती मनापासून लिहिलंत दोघांनी. मुलीला फोनवर वाचून दाखवलं, तिला हायसं वाटलं. खोकलीचं वाचून बाहेर जाऊन पाहिलं तर ओव्याच्या कुंडीमागे रांगच उगवलीय, आणि गेल्या आठवड्यात मीच तिथली चार-पाच उपटून पालकाच्या कडेला टाकली होती. यजमान जाळी आणायला गेलेत.

दोन गोष्टी राहिल्या. बोका भिंतीच्या कोपऱ्यावर आणि मागच्या दाराच्या चौकटीवर फवारा मारून जातो, तो वास धुऊनही जात नाही. आणि भाटीचं पोट आज नीट पाहिलं, सड सुजल्यासारखे दिसतात. म्हणजे कुठेतरी पिल्लं असतील का? असतील तर काय करायचं? काकूंशी या सगळ्याबद्दल कसं बोलावं हेही कळत नाहीये. त्यांना वाटायला नको की आम्हाला मांजरं नकोशी झाली आहेत.


मोगरा_रोहा:

ताई, सड सुजलेत म्हणजे पिल्लं आहेतच असं समजून चाला. जवळच असतील, जिन्याखाली, अडगळीत, गाडीच्या कव्हरखाली. ती दूध पाजायला ठरावीक वाटेने जाते, लांबून बघा. सापडली तरी हलवू नका, हात लावत बसू नका. जागा असुरक्षित वाटली तर ती स्वतः एकेक मानेला धरून दुसरीकडे नेते, आणि त्या धावपळीत एखादं मागे राहतं. दीड-दोन महिन्यांची होऊन स्वतः खायला लागेपर्यंत त्यांना आईजवळ राहू द्या.

त्यानंतर मात्र नसबंदी. सगळ्यात मोठा उपाय हाच आहे आणि मी तो वर लिहायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. भाटी पिल्लांना पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. दोन महिन्यांत पुढची वेत. पोरंही पाच-सहा महिन्यांची झाली की तीच सुरुवात. तीनाची दहा व्हायला वेळ लागत नाही, आणि मग कुठलीही वाळू पुरत नाही. बोक्याची केलीत तर फवारा मारणं आणि रात्रीची भांडणं बरीच कमी होतात. पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात किंवा शहरातल्या प्राणीमित्र संस्थेत विचारा, काही ठिकाणी मोफत, काही ठिकाणी कमी पैशांत होते. भूल दिलेली असतानाच कानाचं टोक जरासं कापतात, म्हणजे पुन्हा कुणी त्याच मांजराला पकडत नाही. पाजणाऱ्या भाटीची नेमकी केव्हा करायची ते डॉक्टरांना ठरवू द्या.

चौकटीवरचा वास: आधी साध्या साबणाच्या पाण्याने, मग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसा आणि उन्हात वाळू द्या. अमोनियाचं क्लीनर नको, त्याचा वास मुताच्या वासाजवळ जातो आणि बोका पुन्हा येऊन त्यावर आपला वास लावतो. भिंतीचा पाया पुसायला विसरू नका, फवारा तिथे ओघळलेला असतो.

काकूंचं सांगू? त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाऊ नका, मदत मागायला जा. मुलीची बातमी सांगा, ती येतेय म्हणून मातीची काळजी घ्यावी लागतेय हे सांगा. मांजरं जिथे जेवतात तिथे घाण करत नाहीत, म्हणून त्यांच्या ओट्यावर कधी काही झालं नाही आणि त्यांना हे माहीतही नसेल. आमच्या गल्लीतल्या आजींनाही माहीत नव्हतं. ऐकल्यावर त्या बिचाऱ्या स्वतः खराटा घेऊन आल्या होत्या. काकूंना विचारा, एक वाळूचं घमेलं त्यांच्याही मागच्या बाजूला ठेवलं तर चालेल का, ओट्यापासून लांब. आणि दूधभात ठरलेल्या वेळी घालून उरलेलं उचलून ठेवता येईल का. ताटली दिवसभर पडून राहिली की बाहेरची मांजरं येतात, मुंग्या येतात, घूस येते. नसबंदीच्या दिवशी मांजरं धरून देणं त्यांनाच जमेल, कारण ती त्यांच्याच हातचं खातात. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला लागतं का ते डॉक्टरांना विचारून त्यांना आधी सांगा, नाहीतर सकाळी मायेने वाटी भरून ठेवतील. पिंजरा बहुतेक संस्था देतात. खर्च निम्मा-निम्मा करायचं तुम्हीच आपणहून सुचवा.

जाळी बसवताना भिंतीकडची बाजू आधी आकड्यांनी घट्ट करा, मांजर तिथूनच उतरतं. आणि कोथिंबीर पुन्हा पेरणार आहात तर धने दोन-दोन फाडी करून रात्रभर भिजवून पेरा, वाफा लवकर भरेल.